मोबाईलवर चौकशा चाळीस, ऑर्डर दोन : जव्हार-मोखाड्यातल्या विक्रेत्याचं गिऱ्हाईक नेमकं कुठे सुटतं?

जव्हार/मोखाडा : दाभोसा धबधब्याजवळच्या तंबूचा फोटो असो, बचत गटाचे नागलीचे पापड असोत, वारली चित्र असो की बांबूची टोपली. फेसबुकवर किंवा इन्स्टाग्रामवर फोटो टाकला की तासाभरात विचारणा सुरू होते. "किंमत काय?", "ठाण्याला मिळेल का?", "चार जणांचे किती?" आठवडा संपतो तेव्हा मोबाईलमध्ये चाळीस चौकशा पडलेल्या असतात आणि ऑर्डर असते एखाद-दुसरी. मग घरात एकच बोलणं होतं, "ऑनलाइनचं काही खरं नाही. लोक नुसते भाव विचारतात."

लोक नुसते भाव विचारतात हे अर्ध खरं आहे. उरलेलं अर्ध असं की भाव विचारणाऱ्याला आपण वेळेवर आणि पुरतं उत्तर देत नाही. फोटो चांगला होता, जाहिरात पोचली, माणसाने स्वतःहून मेसेज केला. म्हणजे गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीपर्यंत आलं. पायरीपासून गल्ल्यापर्यंतच्या रस्त्यात ते कुठे सुटतं, ते समजून घेतलं तर याच चाळीस चौकशांतून जास्त पैसे उभे राहू शकतात.

आपल्या भागात हे महत्त्वाचं का?

जव्हार-मोखाड्यात भातकापणी झाली, दिवाळी उलटली की पाड्यापाड्यावरची कुटुंबं वीटभट्टीवर आणि बांधकामावर जातात. भिवंडी, वसई, ठाणे, नाशिक. गावात रोख पैसा येण्याच्या वाटा कमी. आठवडी बाजारात नागली, वरई, भाजी, टोपल्या विकल्या जातात, पण बाजारात येणारा माणूसही आपल्यासारखाच. त्याच्या खिशाला मर्यादा आहे. चांगला भाव देणारं गिऱ्हाईक मुंबई, ठाणे, नाशिक, पुण्याला बसलेलं आहे.

जव्हारला रेल्वे नाही. शहरातलं गिऱ्हाईक सहज फिरत फिरत दुकानात येईल असं होत नाही. ते येतं मोबाईलवर. म्हणून मोबाईलवरची एक चौकशी वाया गेली तर मागून दुसरं कोणी दारात उभं असेल अशी खात्री नसते. एखाद्या घराला तंबूतून, पिठातून किंवा चित्रातून दर महिन्याला ठरावीक पैसे मिळू लागले तर त्या घरातल्या दोन माणसांना यंदा भट्टीवर जायचं की नाही, याचा विचार तरी करता येतो.

चौकशी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे

ऑनलाइन धंद्यात अशा चौकशीला 'लीड' म्हणतात. ज्याने आपल्या मालात रस दाखवला आणि ज्याच्याशी संपर्क करता येतो, असा माणूस म्हणजे लीड. लाईक करणारा लीड नाही. "मस्त", "एक नंबर" असं लिहिणाराही नाही. ज्याने नंबर दिला, मेसेज केला किंवा फोन केला तो लीड.

यातही तीन प्रकार पडतात. पहिला, सहज विचारणारा. दुसरा, चार ठिकाणी भाव विचारून तुलना करणारा. तिसरा, ज्याला खरंच घ्यायचं आहे आणि तारीख डोक्यात आहे. तिघांचाही पहिला मेसेज सारखाच असतो, "किंमत?" त्यामुळे पहिल्या मेसेजवरून माणूस ओळखता येत नाही. ओळखायला एक साधा प्रश्न पुरतो. "किती पाहिजे, कधी पाहिजे आणि कुठे पाठवायचं?" ज्याला घ्यायचं आहे तो या तिन्हीची उत्तरं देतो. सहज विचारणारा "बघून सांगतो" म्हणतो. त्याच्यावर चिडायचं कारण नाही, फक्त त्याच्यामागे दिवस घालवायचा नाही.

पहिल्या तासाची किंमत

अमेरिकेतल्या 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू' या नियतकालिकात २०११ मध्ये याच विषयावरचा अभ्यास छापून आला होता. अभ्यास करणाऱ्यांनी २,२४१ कंपन्यांकडे ऑनलाइन चौकशी केली आणि उत्तर कधी येतं ते पाहिलं. तासाभरात उत्तर देणाऱ्या कंपन्या ३७ टक्के निघाल्या. २३ टक्के कंपन्यांनी उत्तरच दिलं नाही. त्याच लेखात असंही दिलं होतं की तासाभरात संपर्क करणाऱ्याचं गिऱ्हाईकाशी कामाचं बोलणं होण्याची शक्यता, त्यानंतर तासाभराने संपर्क करणाऱ्यापेक्षा जवळजवळ सातपट होती. चोवीस तास किंवा त्याहून जास्त थांबलेल्यांशी तुलना केली तर हा फरक साठपटीहून जास्त होता.

कंपन्या अमेरिकेतल्या असल्या तरी माणसाचा स्वभाव इथेही तोच. ठाण्यातली बाई रात्री नऊला मोबाईल बघत असते तेव्हा तिला पीठ घ्यावंसं वाटतं. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर गेलं तर ती ऑफिसात असते. तोवर तिने दुसरीकडून मागवलेलं असतं किंवा विषयच डोक्यातून गेलेला असतो.

आपल्याकडे अडचण रेंजची आहे. टेकडीवर गेल्याशिवाय मोबाईल लागत नाही असे पाडे आजही आहेत. शेतात माणूस दिवसभर मोबाईल बघत बसू शकत नाही. यावर तीन उपाय करता येतात.

पहिला, व्हॉट्सअॅप बिझनेस. हे अॅप मोफत आहे. त्यात कोणी मेसेज केला की आपोआप जाणारा स्वागताचा मेसेज लावता येतो. आपण कामात असताना जाणारा वेगळा मेसेजही लावता येतो. मात्र त्यात "आम्ही लवकरच संपर्क करू" असं मोघम लिहू नये. "नमस्कार, शेतात असल्यामुळे रेंज नसते. आज रात्री ८ वाजता नक्की उत्तर देतो. तोवर भाव आणि फोटो कॅटलॉगमध्ये बघा," असं लिहावं. वेळ सांगितली की माणूस थांबतो. सांगितलेली वेळ पाळली की तिथेच निम्मा विश्वास बसतो. एक ध्यानात ठेवावं, फोन पूर्ण बंद असेल किंवा त्याला अजिबात रेंज नसेल तर आपोआप मेसेज जाईलच असं धरून चालू नये.

दुसरा, उत्तर देणारा माणूस ठरवावा. जव्हार, मोखाडा किंवा खोडाळ्याला कॉलेजात, दुकानात, नोकरीत असलेला घरातला किंवा गटातला कोणी असेल तर धंद्याचा नंबर त्याच्याकडे द्यावा. बचत गटात बहुतेक वेळा नंबर एकीचा असतो आणि फोन असतो तिच्या नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात. तो कामावर गेला की गटाचं दुकान बंद. गटाने स्वतःचं सिम घेतलं तर हा प्रश्न सुटतो.

तिसरा, जाहिरात टाकण्याची वेळ. उत्तर द्यायला माणूस मोकळा असेल तेव्हाच पोस्ट टाकावी. सकाळी शेतावर जाताना पोस्ट टाकून संध्याकाळी मेसेज बघणं म्हणजे दुकान उघडून कुलूप न लावता गावाला जाणं.

पहिलं उत्तर कसं असावं?

"किंमत?" या प्रश्नाला "२४० रु." एवढंच उत्तर गेलं की बोलणं तिथेच थांबतं. समोरच्याला पुढचे चार प्रश्न विचारायचा कंटाळा येतो. "इनबॉक्समध्ये विचारा" हे उत्तर तर आणखी वाईट. भाव लपवला की शहरातला माणूस धरून चालतो की भाव जास्त असणार.

पहिल्या उत्तरात पाच गोष्टी असाव्यात. माल काय आणि किती, पोचवण्याच्या खर्चासह एकूण किंमत, कधी मिळेल, पैसे कसे द्यायचे, आणि शेवटी एक प्रश्न. नमुना असा :

"नमस्कार मॅडम. जव्हारच्या नागलीचं म्हणजे नाचणीचं पीठ आहे. २ किलो २४० रुपये, ठाण्यापर्यंत पाठवण्याचा खर्च ८० रुपये, एकूण ३२० रुपये. पीठ ऑर्डर आल्यावर दळतो. सोमवारी पाठवतो. पैसे यूपीआयने. आपल्याला २ किलो पाठवू की ५ किलो?"

यातले आकडे नमुन्यादाखल आहेत. आपला खर्च ज्याने त्याने काढावा. पण शेवटचा प्रश्न विसरू नये. "काही लागलं तर सांगा" म्हटलं की गिऱ्हाईक काही सांगत नाही. "दोन पाठवू की पाच?" विचारलं की त्याला ठरवावं लागतं.

शब्दांचंही भान ठेवावं. आपण नागली म्हणतो, मुंबईवाला नाचणी म्हणतो. आपण वरई म्हणतो, शहरात उपासाला ती भगर किंवा वरीचे तांदूळ होते. पोस्टमध्ये आणि कॅटलॉगमध्ये दोन्ही शब्द लिहावेत. ज्याला जे नाव ठाऊक आहे त्याच नावाने तो शोधतो.

असं उत्तर दर वेळी टाइप करायची गरज नाही. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये ते एकदा साठवून ठेवता येतं आणि दोन अक्षरं दाबून पाठवता येतं. गाव आणि आकडा तेवढा बदलायचा.

मेसेजनंतर फोन

बोलणाऱ्याची बोरं खपतात, न बोलणाऱ्याचे आंबेही तसेच राहतात, असं जुनी माणसं सांगतात. मोबाईलच्या धंद्यातही ते खरं आहे. ज्याने प्रमाण, तारीख, ठिकाण सांगितलं त्याला "दोन मिनिटं फोन करू का?" असं विचारून फोन करावा. शहरातल्या माणसाने जव्हार-मोखाडा नकाशावरच पाहिलेलं असतं. पैसे पाठवले आणि माल आला नाही तर कोणाला शोधायचं, ही त्याची भीती असते. आवाज ऐकला, गावाचं नाव कळलं, दळणाचा किंवा तंबूच्या जागेचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मिळाला की ती भीती कमी होते. व्हिडिओत गाणं, फुलं, चकाकी काही नको. माल, जागा आणि माणूस दिसला की पुरे.

आणखी एक बारीक गोष्ट. यूपीआयवर पैसे पाठवताना समोर खातेदाराचं नाव दिसतं. बोलणं झालेलं असतं दादाशी आणि खातं निघतं वहिनीच्या नावावर. शहरातला माणूस तिथेच थबकतो. "खातं माझ्या पत्नीच्या नावावर आहे," असं आधीच सांगितलं की प्रश्न राहत नाही. गटाचा माल असेल तर गटाच्या खात्याचाच क्यूआर द्यावा. हिशोब स्वच्छ राहतो आणि कोणाच्या पैशाला कोणाचा हात लागत नाही.

आगाऊ रक्कम मागायला लाजू नये

उधारीचं पोतं सव्वा हात रितं, ही म्हण ऑनलाइन धंद्याला जास्तच लागू होते. "या शनिवारी आठ जण येतो, तंबू ठेवा," असा फोन येतो. विक्रेता कोंबडा आणतो, भाकरीचं पीठ काढतो, दुसऱ्या पाहुण्यांना नाही म्हणतो. शनिवारी फोन बंद. नुकसान आपलं.

आगाऊ रक्कम घेतली की दोन कामं होतात. खरं गिऱ्हाईक कोण ते कळतं आणि खर्चाची तजवीज होते. मुक्कामासाठी निदान एक तृतीयांश, मागणीप्रमाणे काढायच्या चित्रासाठी किंवा विणायच्या वस्तूसाठी निम्मी, आणि पीठ-पापडासारख्या छोट्या मालासाठी पूर्ण रक्कम आधी, असा साधा नियम ठेवता येतो. बरोबर परताव्याचा नियमही लेखी पाठवावा. "तीन दिवस आधी कळवलं तर आगाऊ रक्कम परत, नंतर नाही," असं एक वाक्य पुरतं. नियम आधी सांगितला तर गिऱ्हाईक मान्य करतं, नंतर सांगितला तर भांडण होतं.

माल हातात पडल्यावर पैसे, ही पद्धत मोठ्या कंपन्यांना परवडते. आपल्याकडून गेलेलं पार्सल परत आलं तर जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही खर्च आपल्या अंगावर पडू शकतो. नवीन गिऱ्हाईकाला भरवसा वाटत नसेल तर त्याला अर्धा किलोची छोटी पिशवी घ्यायला सांगावं. त्याचा धोका कमी, आपलाही कमी.

पर्यटनाच्या चौकशीत खरं बोललेलं फायद्याचं

दाभोसा, हनुमान पॉइंट, जयविलास राजवाडा, शिरपामाळ, तिकडे मोखाड्यात सूर्यमाळ आणि खोडाळ्याजवळचं देवबांध. पावसाळा सुरू झाला की या ठिकाणांच्या चौकशा वाढतात. मुक्कामाची सोय करणाऱ्यांना शहरातली कुटुंबं जे प्रश्न विचारतात ते ठरलेले असतात. गाडी शेवटपर्यंत जाते का? शौचालय कसं आहे, किती जणांत एक आहे? जेवण शाकाहारी मिळेल का? मोबाईलला रेंज आहे का? रात्री बायका-मुलं सुरक्षित आहेत का? या प्रश्नांची उत्तरं फोटोसह एकदाच तयार करून ठेवावीत. रेंज नसेल तर "रेंज नाही" असंच लिहावं. काही जण त्यासाठीच येतात.

रस्ताही सांगावा. मुंबईकडून येणाऱ्याला मनोर-विक्रमगड मार्गे, नाशिककडून येणाऱ्याला त्र्यंबकेश्वर-मोखाडा मार्गे. पाड्याचं नाव नकाशावर बहुधा सापडत नाही. जागेवर उभं राहून लोकेशन काढून ठेवावं आणि तेच पाठवावं. गुगलवर व्यवसायाची नोंद मोफत करता येते. ती केली की लोकेशन, फोटो आणि आधीच्या पाहुण्यांचे अभिप्राय एका ठिकाणी दिसतात.

पावसाळ्यात अपघात टाळण्यासाठी प्रशासन धबधब्यांवर जाण्यास बंदी घालतं. अशा वेळी "या हो, काही होत नाही" म्हणून बुकिंग घेणं धोक्याचं आहे. पाहुणे नाक्यावरून परत गेले तर पैसे परत करावे लागतात आणि अभिप्रायही वाईट पडतो. पाण्यात कोणी गेलं तर प्रश्न जिवाचा होतो. बंदी असेल तर आधी सांगावं, दुसरं काय बघता येईल तेही सांगावं. भातलावणी, रानभाज्यांचं जेवण, तारप्याचं वादन, राजवाडा. यातल्या चार गोष्टी ऐकून निम्मे लोक तरी विचार करतात.

शेतावर पाहुणे ठेवायचे असतील तर राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलेलं आहे. त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. नोंदणीचा कागद असला की अनोळखी कुटुंबाचा विश्वास लवकर बसतो.

वारली चित्राची चौकशी : फोटोवर सौदा करू नये

डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. त्यामुळे या चित्रांना ओळख करून द्यावी लागत नाही, चौकशी आपोआप येते. अडचण दुसरीच असते. घर सजवणारे आणि हॉटेलवाले भाव विचारतात, नमुने मागवतात आणि पुढे कळतं की तेच चित्र कुणाकडून तरी छापून घेतलं.

म्हणून मोठा, स्वच्छ फोटो आधी पाठवू नये. लहान आकाराचा, कोपऱ्यात नाव असलेला फोटो पुरतो. भाव आकारावर आणि कामाच्या दिवसांवर सांगावा. "तीन फूट बाय दोन फूट, कापडावर, आठ दिवसांचं काम," असं सांगितलं की किंमत कशाची आहे ते समोरच्याला समजतं. निम्मी रक्कम आली की कच्चं रेखाटन दाखवावं, बदल एकदाच घ्यावा, उरलेली रक्कम आल्यावर चित्र पाठवावं. चित्राबरोबर चित्रकाराचं नाव, गाव आणि त्यातल्या प्रसंगाची चार ओळींची माहिती द्यावी. छापील नकलेत ही गोष्ट नसते आणि गिऱ्हाईक पैसे याच गोष्टीचे देतं.

सगळाच माल ऑनलाइन विकायचा नसतो

जव्हार-विक्रमगड भागातला मोगरा दादरच्या फुलबाजारात जातो. पहाटे तोडलेल्या कळ्या त्याच दिवशी पोचल्या पाहिजेत. अशा मालासाठी इन्स्टाग्रामवर किरकोळ गिऱ्हाईक शोधत बसणं परवडत नाही. स्ट्रॉबेरीचंही तसंच. कुरिअरने पाठवली तर दबून जाते. तिला रस्त्यावरचा स्टॉल, येणारे पर्यटक किंवा एकाच सोसायटीची एकत्र ऑर्डर बरी.

टिकणारा, फुटणार नाही असा आणि वजनाच्या मानाने किंमत चांगली असलेला माल ऑनलाइनला चालतो. नागलीचं पीठ, पापड, वरई, काजू, चित्रं, बांबूच्या लहान वस्तू. खाण्याचा तयार माल विकायचा तर अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी, म्हणजे एफएसएसएआय नंबर, घ्यावा लागतो. पिशवीवर वजन, बनवल्याची तारीख आणि तो नंबर लिहावा. शहरातलं गिऱ्हाईक पिशवी उलटी करून हेच बघतं.

पाठवण्याआधी पोस्टात किंवा कुरिअरवाल्याकडे खर्च विचारून घ्यावा. सगळ्या कुरिअर कंपन्या ४०१६०३ आणि ४०१६०४ या पिनकोडवरून माल उचलतीलच असं नाही. पोस्ट ऑफिस मात्र आहे. स्पीड पोस्टने पाठवलं की पावतीचा फोटो लगेच गिऱ्हाईकाला पाठवावा. त्यावरच्या नंबरवरून पार्सल कुठे आहे ते त्याला स्वतः बघता येतं, मग "कधी येणार?" असे दहा फोन येत नाहीत.

पाठपुरावा दोनदा, तिसऱ्यांदा नाही

बरीच गिऱ्हाईकं पहिल्या दिवशी घेत नाहीत. पगार व्हायचा असतो, घरात विचारायचं असतं. आपण मात्र एकदा उत्तर देऊन थांबतो, कारण मागे लागणं बरं वाटत नाही. दोन दिवसांनी एक मेसेज टाकणं म्हणजे मागे लागणं नव्हे. "नमस्कार मॅडम, परवा पिठाचं विचारलं होतं. सोमवारी ठाण्याकडची पार्सलं पाठवतोय, तुमचं त्यात घेऊ का?" एवढंच. मग आठवड्याने आणखी एकदा. त्यानंतर थांबावं. रोज "गुड मॉर्निंग" आणि जाहिरातीचे फोटो पाठवले तर लोक नंबर ब्लॉक करतात. खूप जणांनी तक्रार केली तर व्हॉट्सअॅप नंबरच बंद करू शकतं.

कोणाला कधी मेसेज करायचा हे डोक्यात राहत नाही. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये गिऱ्हाईकाच्या नावाला लेबल लावता येतं. नवीन ग्राहक, नवीन ऑर्डर, पैसे बाकी, पैसे मिळाले, ऑर्डर पूर्ण. ते जमत नसेल तर दहा रुपयांची वही पुरते. तारीख, नाव, गाव, काय विचारलं, काय ठरलं, पुढचा फोन कधी, असे सहा रकाने आखायचे.

ज्यांनी एकदा घेतलं त्यांना आपला नंबर सेव्ह करायला सांगावं. ब्रॉडकास्टचा मेसेज आपला नंबर सेव्ह असणाऱ्यालाच पोचतो. नवीन नागली आली, पावसाळी मुक्काम सुरू झाला, असा महिन्यातून एक मेसेज पुरे. 'उमेद' अभियानाच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात जाणाऱ्या गटांनी तर ही वही न्यायलाच हवी. स्टॉलवर आलेला माणूस चव घेऊन, बघून गेलेला असतो. त्याची परवानगी घेऊन नंबर लिहून घेतला तर प्रदर्शन संपल्यावरही विक्री चालू राहते.

हिशोब असा मांडावा

समजा, ६०० रुपये देऊन जाहिरात केली आणि ४० चौकशा आल्या. म्हणजे एक चौकशी १५ रुपयांना पडली. त्यातल्या दोघांनी माल घेतला तर एक गिऱ्हाईक ३०० रुपयांना पडलं. एका ऑर्डरमागे ८० रुपये सुटत असतील तर दोन ऑर्डरचे १६० सुटले आणि ६०० गेले. तोटा ४४० रुपये. इथे बहुतेक जण जाहिरातीला दोष देतात किंवा आणखी ६०० रुपये घालतात.

आता त्याच ४० जणांना वेळेवर पुरतं उत्तर दिलं, दोनदा विचारलं आणि आठ जणांनी घेतलं, असं धरू. सुटले ६४०, गेले ६००. हातात ४० रुपये. फार नाहीत. पण त्या आठांपैकी चौघांनी पुढच्या महिन्यात पुन्हा मागवलं तर ३२० रुपये जाहिरातीशिवाय सुटतात. त्याच्या पुढच्या महिन्यातही तसंच. खरा नफा दुसऱ्या ऑर्डरपासून सुरू होतो. म्हणून पहिल्या पिशवीतलं वजन, स्वच्छता आणि सांगितलेला दिवस यात जराही कमी पडू देऊ नये.

आठवड्यातून एकदा वहीत चार आकडे लिहावेत. चौकशा किती, उत्तरं किती दिली, ऑर्डर किती, पैसे किती आले. चौकशाच कमी असतील तर फोटो आणि जाहिरात बघावी. चौकशा भरपूर आणि ऑर्डर कमी असतील तर उत्तरं बघावीत. ऑर्डर ठरतात पण पैसे येत नाहीत, तर आगाऊ रकमेचा नियम बघावा. दुखणं कुठे आहे ते कळल्याशिवाय औषधाला पैसे घालू नयेत.

फसवणाराही गिऱ्हाईक बनूनच येतो

नवीन विक्रेत्याला सगळ्यात मोठी ऑर्डर बहुधा भामट्याची येते. भाव न पाडता "सगळा माल घेतो" म्हणतो. कधी लष्करात अधिकारी असल्याचं सांगतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो. मग एक क्यूआर पाठवतो आणि "हा स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील," म्हणतो. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन पैसे देताना किंवा शिल्लक बघताना लागतो. पिन टाकला की खातं रिकामं होतं.

दुसरा प्रकार खोट्या स्क्रीनशॉटचा. "पैसे पाठवले, बघा" म्हणून फोटो येतो आणि माल पाठवायची घाई केली जाते. तिसऱ्यात "चुकून जास्त पाठवले, उरलेले परत करा" म्हणतात. तिन्हीला एकच उपाय आहे. आपल्या खात्यात रक्कम जमा झालेली स्वतः बघितल्याशिवाय माल हलवायचा नाही आणि पैसे परत करायचे नाहीत. जमा झाल्याचा मेसेजही खोटा असू शकतो, म्हणून शिल्लक अॅपमध्ये किंवा बँकेत तपासावी. फसवणूक झालीच तर लाज वाटून गप्प बसू नये. लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करावा. जितकी लवकर तक्रार तितकी रक्कम पुढे जाण्याआधी थांबण्याची शक्यता जास्त.

सुरुवात कुठून?

हे सगळं एका दिवसात जमणार नाही आणि त्याची गरजही नाही. आज रात्री जेवण झाल्यावर मोबाईल उघडून मागच्या महिन्याच्या चौकशा बघाव्यात. ज्यांना उत्तरच गेलं नाही आणि ज्यांना नुसता भाव कळवला, अशांची नावं वहीत उतरवावीत. त्या प्रत्येकाला एक पुरतं उत्तर आणि शेवटी एक प्रश्न पाठवावा. काही जण उत्तर देणार नाहीत, काही जण "आता नको" म्हणतील. पण एक-दोन जण तरी म्हणतील, "हो, पाठवा." त्यांच्यासाठी नव्या जाहिरातीला एक रुपयाही लागलेला नसेल.